गावच्या क्लबाच्या जर्सीवर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं ठिपक्यांचं डिझाइन घेतलं तर चालेल का?

लेफ्टबॅक_फोंडा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे चित्रकलेतले आणि फुटबॉलातले दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतोय. फोंडा तालुक्यात आमच्या गावचा छोटा क्लब आहे, भात कापून झालं की शेतातच गोलपोस्ट रोवायचे आणि मग पाऊस पडेपर्यंत आजूबाजूच्या वाड्यांच्या टुर्नामेंट खेळत सुटायचं असा सगळा कारभार. यंदा नशिबाने एक हार्डवेअरवाला स्पॉन्सर मिळालाय आणि नवीन जर्सी शिवायची आहे, तर कमिटीतल्या एका पोराने नेटवरून एक फोटो काढून ग्रुपवर टाकला, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या तरी संघाची जर्सी, बाह्या नाहीत, अंगभर बारीक ठिपके, वर्तुळात वर्तुळं, मधूनच नदीसारखा वळणं घेत गेलेला पट्टा आणि खाली पावलांचे ठसे. दिसते एकदम कडक. अर्धी कमिटी लगेच तयार, पोरगा म्हणतो मी कॉम्प्युटरवर असंच करून देतो, रंग फक्त आपले घालू.

पण कमिटीतले एक काका अडून बसलेत. त्यांचं म्हणणं हे कोणाच्या तरी देवाधर्माचं असणार, आपण ते घालून चिखलात लोळायचं का. आता त्यांना उत्तर द्यायला मला काहीच माहीत नाही. हे नेमकं काय आहे, फुटबॉलशी याचा संबंध काय, आणि थोडं बदलून घेतलं तर चालतं का? जर्सी पंधरा दिवसांत प्रिंटला द्यायची आहे त्यामुळे जरा लवकर सांगा.

मेलबर्नात_म्हापसेकर:
अरे वा, हा तर माझ्या ऑफिसातला दरवर्षीचा विषय. मी मूळ म्हापशाचा, इथे मेलबर्नला बरीच वर्षं आहे. पहिली गोष्ट, हा आपला फुटबॉल नाही, इथला फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, लंबगोल बॉल, लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, टोकाला चार खांब, मधल्या दोघांतून मारला तर सहा पॉइंट आणि बाजूच्या फटीतून गेला तर एक. पहिल्या वर्षी मला काही कळायचं नाही, सगळे एकमेकांच्या खांद्यावर चढून बॉल पकडतात एवढंच दिसायचं.

तर या खेळाच्या मोठ्या लीगमध्ये म्हणजे एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) दरवर्षी मेच्या सुमाराला एक राउंड, म्हणजे मॅचची एक फेरी, आदिवासी खेळाडूंच्या मानाचा असतो, २००७ पासून आहे, आणि २०१६ पासून त्याला सर डग निकोल्स राउंड म्हणतात. हा डग निकोल्स म्हणजे योर्टा योर्टा समाजाचा माणूस, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळायला वारा. १९२७ मध्ये कार्लटन क्लबात गेला तर काळा म्हणून तिथे त्याला कोणी जवळ करेना, मग नॉर्थकोटकडून खेळला आणि १९३२ ला फिट्झरॉयने घेतला. पुढे पाद्री झाला, आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य घातलं, १९७२ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि १९७६ मध्ये थेट साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर. त्या राउंडला सगळे क्लब आदिवासी चित्रकारांनी काढलेल्या जर्सी घालतात. तुमच्या पोराने काढलेला फोटो बहुतेक त्यातलाच.

आता मुद्द्याचं. ते नुसतं नक्षीकाम नसतं. पुष्कळदा चित्रकार त्या क्लबाच्याच एखाद्या खेळाडूचा नातेवाईक असतो, कधी खेळाडू स्वतःच काढतो, आणि त्यात त्याच्या आजोळची नदी असते, त्याच्या कुळाचा प्राणी असतो, आधी त्या क्लबात खेळून गेलेल्या आदिवासी खेळाडूंची पावलं असतात. जर्सीबरोबर चित्रकाराचं नाव आणि चित्राची गोष्ट क्लब स्वतः छापतो. काही क्लब त्या दिवसांत नावसुद्धा बदलतात, मेलबर्नचा क्लब २०२२ पासून त्या राउंडला नार्म नावाने खेळतो, पोर्ट अ‍ॅडलेड यार्टापुल्टी होतो. त्यामुळे ती जर्सी उचलून फोंड्यात घालणं म्हणजे दुसऱ्याच्या घराण्याची वंशावळ आपल्या छातीवर छापून फिरणं. काका बरोबर आहेत असं माझं मत.

आणि तुम्ही अशी जर्सी आधी बघितलेली असणार, आठवा. डिसेंबर २०२० मध्ये आपली क्रिकेट टीम ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी खेळली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या अंगावर होती. ती फिओना क्लार्क आणि कोर्टनी हेगन या दोघींनी केलेली, आणि फिओनाबाईंचा पूर्वज १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी क्रिकेट संघात होता. ऑस्ट्रेलियाचा परदेशात खेळलेला पहिला संघ तोच, गोऱ्यांच्या संघाच्या कितीतरी आधी.

जर्सीवाला_म्हापसा:
सगळं खरं, पण मी धंद्यात आहे म्हणून सांगतो, माझ्याकडे आठवड्याला बार्सिलोना, ब्राझील, अर्जेंटिना सगळं कॉपी होऊन जातं, कोण विचारतो? ऑस्ट्रेलियातून फोंड्याला येऊन केस घालणार आहेत का. ठिपके काय कोणाच्या बापाचे नाहीत, आमची आई पण ठिपक्यांची रांगोळी काढते. फाइल नीट द्या, छापून देतो.

डिचोलीचे_मास्तर:
प्रिंटवाले भाऊ, ठिपके कोणाच्या बापाचे नाहीत हे मान्य, पण चित्र मात्र कोणाच्या तरी बापाचं असतं आणि तिथे तर अक्षरशः. मी शाळेत चित्रकला शिकवतो, हा विषय आवडीचा म्हणून जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आपण ज्याला ठिपक्यांची आदिवासी चित्रं म्हणतो ती कॅनव्हासवर येऊन फार वर्षं झालेली नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी वाळवंटात पापुन्या नावाची वस्ती आहे, तिथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचा शाळामास्तर होता, त्याच्या वेळी गावातल्या मोठ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचं मोठं चित्र काढलं आणि तिथून ही चित्रं फळ्यांवर, मग कॅनव्हासवर यायला लागली. त्याआधी ते सगळं वाळूत, अंगावर, विधीच्या वेळी काढायचे आणि पुसून टाकायचे. चित्र वरून बघितल्यासारखं असतं, वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा नाहीतर मुक्कामाची जागा, इंग्रजी यू सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. काही गोष्टी बाहेरच्यांनी बघायच्याच नसतात, त्या झाकायलाही ठिपक्यांचा उपयोग झाला असं जाणकार सांगतात. कुठली कथा कोणी रंगवायची हेही ठरलेलं, एका कुटुंबाची कथा दुसरा आदिवासीसुद्धा परवानगीशिवाय काढत नाही. आणि आपण गूगलवरून घेणार!

कायद्याचं म्हणाल तर तिथे याच्यावर मोठमोठ्या केसेस झाल्यात. १९९४ मध्ये आदिवासी चित्रकारांची चित्रं गालिच्यांवर छापल्याबद्दल कोर्टाने व्यापाऱ्यांना दणका दिला, ते गालिचे व्हिएतनाममध्ये बनवून आणलेले. २०१९ मध्ये इंडोनेशियात बनवलेले बूमरँग वगैरे आदिवासींच्या हातचे म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड. सगळ्यात गंमत त्यांच्या झेंड्याची. काळा, तांबडा आणि मध्ये पिवळा गोल, तो १९७१ मध्ये हॅरल्ड थॉमस या आदिवासी चित्रकाराने केला आणि कॉपीराइट त्याचाच. पुढे कपड्यांवर छापायचे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले, तर २०२० च्या त्या आदिवासी राउंडला मैदानावर झेंडा रंगवायचा राहिला, कारण पैसे भरून वापरायचा का यावरच वाद. आदिवासींचा झेंडा, आदिवासींचा राउंड, आणि झेंडा नाही! शेवटी जानेवारी २०२२ मध्ये सरकारने २ कोटी डॉलरहून जास्त मोजून तो सगळ्यांसाठी मोकळा केला. तेव्हा कोण विचारतो असं म्हणू नका, तिकडे विचारतात.

पण मला यातली वेगळीच बाजू जास्त आवडते. जर्सी हा प्रकार मोठ्या क्लबांचा झाला. खेड्यापाड्यातला जो फुटबॉल आहे ना, तो तिथल्या चित्रकारांनी स्वतःहून चित्रात आणलाय, कोणी सांगितलं म्हणून नाही. युटोपिया नावाच्या भागातलं एक जोडपं, डिनी कुनोथ केमारे आणि जोसी कुनोथ पेट्यारे, त्यांनी लाकडात फुटबॉलवाले कोरले, क्लबाच्या जर्सीसकट रंगवलेले, आणि खेड्यातल्या मॅचची चित्रं केली. मैदानावर गवताची काडी नाही, नुसती तांबडी माती, भोवती गाड्या लावलेल्या, बायकापोरं टपावर. गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात म्हणे. हे बघून मला वाटलं की यांनी ठिपके वापरले की नाही याला काही महत्त्वच नाही, यांनी आपल्या गावची मॅच रंगवली. तुमची मॅच कोणी रंगवली आहे का आजवर? कापलेल्या भाताची खुंटं, बांधावर बसलेले म्हातारे, बॉल शेजारच्या मिरच्यांत गेला म्हणून शिव्या देणारी मालकीण, हे सगळं जर्सीवर येऊ शकतं.

रंगाचा प्रश्न असेल तर आपल्याकडे कावी आहे. जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा, त्यावर कावेचा तांबडा थर आणि तो खरवडून खालचा पांढरा काढायचा. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा, जर्सीवर यासारखं दुसरं काही उठून दिसणार नाही. इथेच गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगळीमळला जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं आणि तो गोल गोल चक्रव्यूह, तोही डोळ्यासमोर आणा. फक्त ती बघून कोणी आपले आणि ऑस्ट्रेलियाचे एकच म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, गोल सगळ्या जगात काढतात.

लेफ्टबॅक_फोंडा:
मास्तर, म्हापसेकर भाऊ, देव बरें करूं. काकांना हे वाचून दाखवलं तर आता महिनाभर मान ताठ करून फिरणार. मिरच्यांची मालकीण आमच्याकडे खरोखरच आहे हो, तुम्हाला कसं कळलं. बरं कावीची आयडिया ग्रुपवर टाकली तर एकजण म्हणतो आपल्या टीममध्ये निम्मी पोरं गावडेवाड्यावरची आहेत मग आपल्याच आदिवासींचं काहीतरी घेऊ, कुणबी साडीचा लाल चौकडा घेऊ, काम पण सोपं. हे कसं वाटतं?

वाड्यावरची_गो:
लेफ्टबॅक दादा, मी गावडा समाजातलीच, तुमच्या शेजारच्या गावची म्हटलं तरी चालेल. वाचत होते गप्प पण आता लिहिते. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लोकांचं घ्यायचं नाही कारण ते त्यांचं आहे हे सगळ्यांना पटलं, आणि दुसऱ्याच मिनिटाला आमचं घेऊ, काम सोपं. ग्रुपवर टाकलंत, पण वाड्यावर येऊन एखाद्या बाईला विचारलंत का? निम्मी पोरं आमची आहेत ना, मग त्या पोरांच्या आयांना विचारायला किती वेळ लागतो.

मला राग नाहीये, उलट आवडेल. पण साडी आमची आजी नेसायची शेतात, गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारून, आता ती फॅशन शोमध्ये जाते आणि दुकानात तिची किंमत बघून आम्हीच मागे ठेवतो. त्यामुळे कोणी चौकडा घेऊ म्हटलं की जरा कानाला लागतं. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर लाल पांढरा चौकडा घालून मैदानात उतरलात तर लोक कुणबी नाही म्हणणार, क्रोएशिया म्हणणार, त्यांच्या फुटबॉल टीमची जर्सी तशीच.

जुना_गोली:
क्रोएशिया 😂 हे मात्र शंभर टक्के खरं.

मी हातमोजे न घालता गोलकीपिंग केलेल्या पिढीतला. मास्तरांच्या लिहिण्यावरून आठवलं, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनच्या वर समुद्रात तिवी बेटं आहेत, वस्ती जेमतेम दोन अडीच हजाराची, आणि खेळाडू बघा काय निघालेत. मॉरिस रिओली, मायकल लाँग, सिरिल रिओली, फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल तिघांनीही मिळवलं, १९८२, १९९३ आणि २०१५ ला. तिथे फुटबॉल नेला मिशनऱ्यांनी, ब्रदर जॉन पाय नावाचे होते, १९४१ ची गोष्ट सांगतात. आणि आपल्याकडे? फादर विल्यम रॉबर्ट लायन्स, शिवोली, १८८३. तिथेही पाद्री, इथेही पाद्री, आणि दोन्हीकडे पोरं अनवाणी खेळून तयार झाली.

पण मला सांगायचं ते पुढेच आहे. तिवीची लीगची फायनल मार्चमध्ये होते आणि त्याच दिवशी बेटावर चित्रांची विक्री असते. डार्विनहून माणसं बोटीने येतात, सकाळी चित्रं बघतात, विकत घेतात आणि दुपारी मॅच. चित्रं कशी, तर मातीचे रंग, पिवळी माती भाजली की तांबडी होते ती, पांढरी, आणि कोळशाचा काळा. लाकडाच्या कंगव्याने ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी मारतात. ज्या घरातला माणूस कंगवा घेऊन बसतो त्याच घरातला पोरगा मैदानात. आपल्याकडे फायनलला काय विकतात? ऑम्लेट पाव आणि लॉटरीची तिकिटं. म्हणजे ते असावंच, ऑम्लेट पाव नको असं कोण म्हणेल, पण त्याच्या शेजारी एक टेबल गावच्या पोरींच्या चित्रांचं लागलं तर कोणाचं काय जातंय.

आणि पुतळ्यांचं बोलायचं तर, पर्थच्या स्टेडियमबाहेर निकी विन्मार या आदिवासी खेळाडूचा पुतळा आहे, २०१९ चा. १९९३ मध्ये प्रेक्षक दिवसभर त्याच्या कातडीवरून शिव्या देत होते, मॅच जिंकल्यावर त्याने जर्सी वर केली आणि आपल्या पोटावर बोट ठेवून दाखवलं, हा मी, काळा. तो फोटो सगळ्या देशात गाजला, पुतळा तसाच आहे. आपण २०२१ मध्ये कळंगुटला रोनाल्डो उभा केला. आमचा गोव्याचा ब्रह्मानंद गोलमध्ये उभा राहायचा तेव्हा फॉरवर्डला गोल दिसायचा नाही, आमच्याच ब्रूनो कुतिन्होला तर अर्जुन पुरस्कार मिळालाय, आणि पुतळा कोणाचा तर पोर्तुगालचा. असो, बीपी वाढतं.

मेलबर्नात_म्हापसेकर:
गोली काका, विन्मारची मॅच कॉलिंगवूडच्या मैदानावर होती, व्हिक्टोरिया पार्क, आता तिथे लोक कुत्री फिरवतात. मी जवळच राहायचो.

वाड्यावरची ताईंचा मुद्दा इथे पण तसाच चालतो हां. आदिवासी राउंडला सगळे जर्सी विकत घेतात आणि अ‍ॅडम गुड्स हा आदिवासी खेळाडू वर्णद्वेषाविरुद्ध बोलायला लागला तर त्याच स्टेडियममध्ये त्याची हुर्यो. हा माणूस २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, आणि २०१५ मध्ये हुर्योला कंटाळून खेळ सोडला. नुसती जर्सी घालून काही होत नाही हे इथल्या आदिवासी मित्रांकडूनच ऐकलंय.

जर्सीवाला_म्हापसा:
ठीक आहे, बाप काढणार नाही परत. पण मंडळी, कोणी काही काढा, कागदावर काढा, भिंतीवर काढा, मला शेवटी व्हेक्टर फाइल लागणार, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेघ फाटत नाही अशी. मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका, ठिपके फाटतात. तांबडा फार गडद घेतलात तर घामाने काळपट दिसतो. आणि कावीसारखं पांढरं बारीक काम करायचं असेल तर रेघ निदान दोन मिलिमीटर ठेवा, नाहीतर दहा फुटांवरून नुसता लाल शर्ट दिसेल. जाळीचं कापड नको, साधं इंटरलॉक घ्या, त्यावर रेघ स्वच्छ येते.

डिचोलीचे_मास्तर:
ही खरी माहिती. व्हेक्टर मी करून देतो, माझे दोन विद्यार्थी कला महाविद्यालयात आहेत, त्यांना काम मिळेल, पण थोडं मानधन द्या त्यांना, पोरं आहेत म्हणून फुकट नको. चित्र मात्र तुमच्या गावातून येऊ दे.

लेफ्टबॅक_फोंडा:
मानधनाचं काढतो स्पॉन्सरकडून, बघू. काल संध्याकाळी वाड्यावर जाऊन आलो, आमच्या स्ट्रायकरची आई म्हणाली चौकडा नको पण धालो म्हणजे बायकांचा फेराचा नाच घालतात ते पवित्र अंगण, तो मांड काढा, गोल उभ्या बायका आणि मध्ये बॉल ठेवा. तिथल्याच एका पोरीने कागदावर लगेच काढून पण दाखवलं, वहीच्या मागच्या पानावर, मला तर लय आवडलं. मांडाला चपला घालून जात नाहीत मग जर्सीवर चालतो का म्हणून मीच विचारलं, तर म्हणे घरातल्या मोठ्यांना विचारून सांगते. म्हणजे अजून होकार नाहीये. वाड्यावरची ताई, तुमच्याकडे काय म्हणतील याबद्दल?

वाड्यावरची_गो:
आमच्या आईला विचारलं. ती म्हणते मांड तसाच्या तसा नको, बायकांचा फेर चालेल, पण पोटावर नको, वर खांद्याशी घ्या. आणि बॉल मध्ये ठेवायला तिची ना नाही, ती स्वतः जुन्या गोलीची फॅन निघाली. त्या मुलीचं नाव जर्सीवर आलं पाहिजे हे माझ्याकडून, कॉलरच्या आत का होईना.

लेफ्टबॅक_फोंडा:
नाव घालतो, कॉलरच्या आत कशाला, खाली काठावर बाहेरून घालू. फेर खांद्यावर. आता एकच लफडं आहे, स्पॉन्सरला त्याचा लोगो छातीभर पाहिजे, सिमेंटची गोणी आणि तीन फोन नंबर सकट. प्रिंटवाले भाऊ, तो पाठीवर नंबरच्या खाली बसेल का, आणि बसत असेल तर त्याला समजवायला कोण येतंय माझ्याबरोबर?